चिकट तांदळाचा पडदा

९ जानेवारी

काच निळी झाली आणि निळीच राहिली! तारा काढून घेतल्या, आम्ही चहा पिऊन आलो, आमच्या गाइड वासेकर मॅडमचा बी.एस्सी.चा तास झाला — तरी निळी. मग तारा उलट्या लावल्या. बघता बघता काच स्वच्छ, आणि पलीकडचं निंबाचं झाड जसंच्या तसं! प्रयोग रीनाचा, पण तिच्या चेहऱ्यावर काही नाही. मी मात्र आनंदानं टेबलावर थाप मारली आणि बीकर पाडला. मॅडम म्हणाल्या, उर्वशी, यश तिचं आणि नासधूस तुझी.

काच माझी आहे, हे इथं लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा थर मी देते. पण थर काय, शिकवला तर कोणीही देईल. खरी करामत दोन काचांच्या मधल्या पडद्याची. त्यातून लिथियमचे आयन पलीकडे गेले पाहिजेत, पण वीज थेट आरपार जाता कामा नये. आयन टंगस्टनच्या थरात शिरले की काच निळी, बाहेर निघाले की स्वच्छ. बटण दाबून खिडकीचं ऊन कमी करायचं, एवढंच. पण तो पडदा गढूळ नको, वाळून तडकायला नको, आणि आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात बुडबुडे धरायला नको. लोक त्यासाठी महागडी प्लास्टिकं वापरतात. रीना तांदूळ वापरते!

तोही बाजारातला नाही. तिचं गाव भामरागडच्याही पलीकडे, जंगलात. तिथला हा जाडा, आखूड, शिजला की गोळा होणारा तांदूळ. तिच्या आईनं, बुधरीबाईंनी, वाळल्या भोपळ्यात भरून दिला होता. बाजारात त्याला कोणी हात लावणार नाही. त्यातली शेवटची मूठ आजच्या पडद्यात गेली.

पण काळजी नाही. त्याच वाणाचं, त्यांनीच दिलेलं बियाणं बाबांनी आमच्या शेतात, सिंदेवाहीकडे, एका बांधीत लावलं होतं. धान पिकलं, मळलं. आता भरडून तांदळाचं पोतं आलं की झालं.

१० जानेवारी

रीना पडदा डिशमधून कसा सोडवते ते आज जवळ बसून पाहिलं. मी ब्लेड लावलं असतं. ती कडेला अगदी हळू श्वास सोडते — फुंकर नाही, नुसता ओला श्वास. कड मऊ होते, मग नखानं उचलते. अख्खा पडदा निघतो, साय निघावी तसा. मी करून पाहिलं. फाटला. ती म्हणाली, "घाई नको करू." एवढंच. मला आयुष्यात कोणी सांगितलं नाही असं नाही, पण तिनं सांगितलं तेव्हा राग आला नाही. हेही नवलच.

२२ जानेवारी

नागपूरहून रात्रीच्या गाडीनं आलो. अंग आंबलंय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

परिसंवादात रीनाचं भाषण जेवणाआधी होतं, म्हणजे अर्धं सभागृह भुकेलेलं. तिनं "तांदूळ" म्हटल्याबरोबर मागून कोणीतरी विचारलं, सोबत वरण पण आहे का? खूप हसले. माझं डोकं फिरलं, मी उठणारच होते. मॅडमनी माझा पदर धरून ठेवला. रीनानं काय केलं? थांबली. सगळ्यांचं हसून होऊ दिलं. मग काच खिडकीच्या उन्हात धरली आणि टॉर्चमधला एक साधा सेल तारांना लावला. काच निळी होत गेली, तिच्या हातावरची सावली निळी होत गेली. वरणवाला पुढं येऊन बसला.

शेवटी एक पांढऱ्या केसांचे शास्त्रज्ञ उठले. तेच रीनाच्या प्रबंधाचे परीक्षक असणार आहेत. कडक, पण खोटे नाहीत. म्हणाले, "एकदा जमणं म्हणजे जमणं नव्हे. नव्या पिकाच्या तांदळातून तीन पट्ट्या करून मार्चअखेरपर्यंत मला पाठव. माझ्याकडे तशाच चालल्या, तर मी चार लोकांत सांगेन. नाही चालल्या, तर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं."

हे प्रकरण म्हणजे तिची चारही वर्षं. रीना म्हणाली, "पाठवते सर." जणू दुकानातून आणून द्यायच्या आहेत!

२८ जानेवारी

माझा भाऊ आदेश पोतं घेऊन आला. वर आईनं दिलेल्या लाखोळीच्या शेंगा. शेंगा मी घेतल्या, पोतं रीनानं. मी ते उघडूनही पाहिलं नाही. तांदूळ तिचा, काच माझी, अशी आमची पहिल्यापासूनची वाटणी. तिनं लगेच मागच्या मोरीवर भिजत घातला. चहाला मात्र उशिरा आली.

५ फेब्रुवारी

पडदा गढूळ.

८ फेब्रुवारी

परत गढूळ. पेजेवर साय धरते तसा. वाळल्यावर कडक, वाकवला की तुटतो. आयनही धड जात नाहीत. काच निळी व्हायला इतका वेळ लागतो की तोवर ऊन उतरेल.

मी म्हटलं, माझ्याच काचेत खोट असेल. खरं तर मनातून वाटत नव्हतं, पण मैत्रीत म्हणावं लागतं. रीना म्हणाली, नाही, काच ठीक आहे. इतक्या खात्रीनं म्हणाली की मला थोडं बरंच वाटलं.

१३ फेब्रुवारी

ती काय काय करते आहे! ग्लिसरीन वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. स्टार्च जास्त वेळ शिजवला. थंड करण्याची पद्धत बदलली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलते, बाकी सगळं तसंच ठेवते. मी असते तर चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या आणि मग रडत बसले असते. ती रडत नाही, कुणाला दोष देत नाही, पाण्याला नाही, भट्टीला नाही, नशिबाला नाही. डिश धुते, पुसते, पुन्हा ओतते.

मी विचारलं, तुझ्या गावाहून थोडा तांदूळ मागव ना. तर म्हणे, उरलेलं सगळं बियाणं तुमच्याच घरी दिलं होतं, गावात आता पेरणीपुरतं ठेवलंय. पेरणीचं कोणी मोडत नाही.

हेही खरंच.

१९ फेब्रुवारी

अजय आमच्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर काम करतो. त्याची जीभ त्याच्या कामापेक्षा जास्त चालते. आज कॅन्टीनमध्ये दोघा-तिघांना सांगत होता, "जानेवारीत काहीतरी जमवून आणलं असन. कोट्यातून सीट भेटते, रीडिंग थोडीच भेटते." मी मागंच उभी होते. त्याचा समोसा उचलून कुत्र्याला घातला आणि त्याला जे सांगायचं ते सांगितलं. कुत्रं खूश. अजय नाही.

रीनाला कळलंच. वाटलं, ती निदान मला शाबासकी देईल. तर म्हणाली, "त्याले बोलू दे. पडदा गढूळ आहे हे तर खरंच आहे ना?"

माझा तिच्यावर जीव आहे, पण कधी कधी तिला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

२५ फेब्रुवारी

मॅडमनी आज दार लावून आम्हा दोघींना बसवलं. जानेवारीचा जुना पडदा अजून शिल्लक आहे, त्याच्या पट्ट्या कापून पाठव, म्हणाल्या. अप्रामाणिकपणा नाही, तोही तूच केलेला आहे. मॅडम काही वाईट बाई नाहीत. त्यांना रीनाची चार वर्षं वाचवायची आहेत.

रीना म्हणाली, "मॅडम, सरनं नव्या पिकाचा मागितला. मी हो म्हटलं."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मी खिडकीकडे पाहत बसले. इतकं सरळ माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. सरळ माणसाजवळ बसणं सोपं नसतं, आपलं सगळं वाकडं दिसायला लागतं.

३ मार्च

आजचा पडदा पहिल्यांदा बरा! पूर्ण स्वच्छ नाही, धुक्यातून पाहिल्यासारखं झाड दिसलं. पण वाकवला तर तुटला नाही. हात जोडले तिला. त्याच तांदळातून तिनं हे काढलं! तिच्या जागी कोणीही पोतं केव्हाच फेकून दिलं असतं. ती त्या तांदळाचा इतका मान ठेवते, की एकदा सांडलेले दाणेही वेचून परत टाकताना मी पाहिलं.

तरी परीक्षकांना चालेल असा नाही तो. तिलाही माहीत आहे. महिना संपायला वेळ लागत नाही.

९ मार्च

रविवार, म्हणून सिंदेवाहीला घरी आले. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

जेवायला बसलो. आईनं भात वाढला — पळीनं वाढला तो पळीलाच चिकटून राहिला. ताटात गोळा. आदेश कुरकुरला, आई रोज हाच गोळा वाढून राह्यली. मी बोटानं दाबून पाहिला. जाडा, आखूड दाणा. घास तसाच राहिला माझ्या हातात. विचारलं, हा कुठला तांदूळ?

आई सहज म्हणाली, तुझ्या रीनाचाच की, वाया काऊन घालवायचा, आम्हीच खाऊन राह्यलो.

मग तिकडं पोत्यात काय गेलं? मला माहीत होतं. विचारायच्या आधीच कळलं. आमच्या घरी जुना बारीक तांदूळ वेगळ्या कोठीत मुरत ठेवलेला असतो. जावयाला, व्याह्याला, लग्नकार्याला. नव्या तांदळाचा चिकट भात पाहुण्याच्या ताटात पडला तर आईची मान खाली जाते. बाबांच्या ताटात त्या जुन्या तांदळाचा भात दिवाळीला पडला तर पडतो. तो तांदूळ तिनं पोतंभर काढून दिला होता.

आई म्हणाली, "तिच्या मायनं आपल्याले बियाणं देलं. ज्यानं देलं त्यालेच तेच परत पाठवते का कोणी? लोक हासतीन. मी माह्या हातानं चांगला निवडून भरला."

मी तिला सांगितलं होतं! नोव्हेंबरात सांगितलं होतं, प्रयोगासाठी आहे, हाच पाहिजे. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि मग तिला योग्य वाटलं ते केलं. प्रयोग असो की पंगत, पाठवायचं ते चांगलंच पाठवायचं, एवढंच तिला कळतं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक लिहिते. मी म्हटलं, तुम्ही घरात बसून माझ्या मैत्रिणीचं नाव खाल्लं. आई काही सांगू पाहत होती, मी बोलूच दिलं नाही. बाबा ताटावरून उठले. आई मागच्या दारी जाऊन बसली.

डब्यात पायलीभर तांदूळ उरलाय. डबा माझ्या उशाशी आहे.

१० मार्च

पहिल्या एसटीनं निघाले. आई फाटकापर्यंत आली, मी पुढंच पाहत चालत राहिले. डबा मांडीवर घेऊन बसले, कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तरी ठेवला नाही.

लॅबमध्ये पोचून रीनासमोर डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल, हसेल, निदान डोक्याला हात लावेल. तिनं झाकण उघडलं, दाणे हातावर घेतले, परत ठेवले. मग विचारलं, "काकूले काही बोलली तर नाईस ना?"

मी म्हटलं, बोलले, चांगलंच बोलले.

तिनं झाकण लावलं. "भिजत घालते," म्हणाली आणि डबा घेऊन मोरीवर गेली.

१५ मार्च

स्वच्छ! काचेवर पडदा आहे की नाही हे बोट लावल्याशिवाय कळत नाही. पहिल्याच ओतण्यात! मी ओरडले, मॅडम पळत आल्या, अजयही आला. तो काच उन्हात धरून बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, पट्ट्या कापायला एक माणूस धरायला लागन, मी धरतो. धर म्हटलं. समोशाचा विषय दोघांनीही काढला नाही.

१८ मार्च

मॅडम तर भलत्याच खुशीत आहेत. त्यांचं म्हणणं, तो बिघाड म्हणजेच पुरावा. बारीक तांदळाच्या स्टार्चमध्ये लांब सरळ साखळ्या जास्त असतात. थंड झाल्या की त्या एकमेकींना धरून बसतात, म्हणून पडदा गढूळ आणि कडक होतो. चिकट तांदळातल्या साखळ्यांना फांद्या असतात, त्या मोकळ्या राहतात, आणि आयनांना वाट मिळते. शिवाय आमच्या घरचा तो बारीक तांदूळ जुना, म्हणजे आणखी हट्टी. चिकट तांदूळच का, हा प्रश्न परीक्षकांनी विचारलाच असता. आता त्याचं उत्तर दीड महिन्याच्या नोंदींसकट तयार आहे.

आणि त्या नोंदी काय सुंदर आहेत! प्रत्येक फसलेला पडदा तिनं कागदात घालून ठेवलाय. कुणी जिंकलेलं जपतं, ही हरलेलंही जपते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातला तो धुकट पडदाही तिनं नागपूरच्या पाकिटात घातला — वर लिहिलं, जुना बारीक तांदूळ. मी म्हटलं, हा कशाला? त्यांनी मागितला नाही. म्हणाली, "राहू दे. चांगला तांदूळ होता तो. त्याचाबी पडदा झाला, हे त्यायले समजू दे."

१९ मार्च

पाकीट गेलं. रजिस्टर पोस्टानं. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? रीना म्हणाली, तांदूळ. मी तिला कोपर मारलं.

२ एप्रिल

ऊन काय म्हणतंय! पंख्याची हवा चुलीसारखी लागते. रीनानं नवी काच लॅबच्या पश्चिमेच्या खिडकीला लावली आहे. दुपारी सेल लावला की त्या कोपऱ्यात निळी सावली पडते. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन तिथं येऊन बसतात, मॅडमसुद्धा. एवढ्याशा काचेच्या सावलीत मावतं कोण! पण बसतात.

घरी अजून फोन केला नाही. आईनंही केला नाही. राग माझा आहे, उतरेल तेव्हा उतरेल.

११ एप्रिल

उत्तर आलं!! तिन्ही पट्ट्या चालल्या, आमच्या आकड्यांच्या अगदी जवळ. "हे प्रकरण प्रबंधात राहील" — हे त्यांचे शब्द. आणि खाली, धुकट पडद्याविषयी: हा मी मागितला नव्हता, पण सर्वांत जास्त वेळ याच्याकडेच पाहत बसलो.

मॅडम रडल्या. अजयनं समोसे आणले, सगळ्यांना, मला दोन. रीनानं गावाकडे निरोप धाडला, भामरागडला जाणाऱ्या एका मास्तरांच्या हाती. तिच्या आईकडे फोन लागत नाही. मी विचारलं, काय सांगायला सांगितलंस? म्हणाली, "तांदूळ पास झाला."

मी आज दिवसभर तिच्याकडे पाहत होते. चार वर्षं वाचली, नाव राहिलं, आणि बाईसाहेब डिश घासत होत्या. अशी माणसं देव रोज घडवत नाही.

१३ एप्रिल

आईला फोन केला. रीनाचं झालं म्हणून सांगितलं. ती खूप खूश झाली. मग माझ्याच्यानं राहवलं नाही, म्हटलं, आई, तू पोतं बदललं नसतंस तर फेब्रुवारीतच झालं असतं.

आई म्हणाली, "पोतं भेटलं त्याच दिवशी तिचा फोन आला होता मले. म्हणे, काकू, तांदूळ ओळखला मी. पाहुण्याचा तांदूळ मले आजवर कोणी पाठवला नव्हता. उर्वशीले सांगू नका, ती तुमच्यावर चिडन. मी यातूनच करते काहीतरी."

फोन ठेवला. रीना पलीकडच्या टेबलावर डिशच्या कडेला हळू श्वास सोडत होती. मला तिच्याकडे पाहवेना. उद्या पहिल्या एसटीनं घरी जाते.